गणपतीआधी आजीला फोन करा

प्रश्न : आमची मुलगी एकवीस वर्षांची, ट्रान्सजेंडर आहे. तिनं इन्स्टाग्रामवर नव्या नावानं साडीतला फोटो टाकला. वेंगुर्ल्याच्या पुतण्यानं त्याचा स्क्रीनशॉट घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तेव्हापासून सगळे गप्प आहेत. यंदा गणपतीला गावी जायचंय. तिला तो फोटो काढून टाकायला सांगू का?
– एक आई, टोरांटो

ताई, अजिबात सांगू नका. केवढा धीर गोळा करून तिनं तो टाकला असेल! काढायला लावलात, तर आईलाच आपली लाज वाटते एवढंच तिच्या मनात राहील. पुतण्याला मात्र आजच फोन करा. न विचारता फोटो फिरवलास ते चुकलं, आता पुढे पाठवू नकोस, असं स्पष्ट सांगा.

2017 मध्ये ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आईपणावरची विक्सची जाहिरात किती कौतुकानं फिरली होती! परक्या बाईचं कौतुक सोपं असतं. आपल्याच माजघरातली मुलगी म्हटली की जीभ अडखळते, भावकी आरतीला येईल ना, अशी धास्ती वाटते. स्वतःची लिंगओळख ठरवायचा हक्क ज्याचा त्याला आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 लाच मान्य केलंय. पण आजीला निकाल ऐकवून उपयोग नाही, तिला तुमचा आवाज ऐकू द्या.

आधी मुलीला विचारा : कुणाला सांगायचं, किती सांगायचं? उपचार, शस्त्रक्रिया हा तिचा खासगी मामला. तिचा होकार मिळाला की सासूबाईंना फोन लावा. "आई, ही तुमची नात. आता तिचं नाव हे. यंदा ती येतेय." एवढं बोलून थांबा. त्या रडतील, रागावतील, कदाचित लग्नाचं विचारतील. विचारू द्या. उत्तर नसेल तर माहीत नाही म्हणा, पण फोन ठेवू नका.

तिकिटावर नाव पासपोर्टवरचंच हवं. औषधांची चिठ्ठी सोबत असू द्या. गावी पोचल्यावर तिला पाहुणीसारखं खुर्चीत बसवू नका, गणपतीवरच्या लाकडी माटवीला कवंडळं, आंब्याचे टाळे बांधायला हाताशी घ्या. कुणी जुन्या नावानं हाक मारली तर तिच्याआधी तुम्ही दुरुस्त करा, दरवेळी.

सावंतवाडीत एक खोली आधीच बघून ठेवा. कुणी तिचा अपमान केला आणि घरातल्या मोठ्यांनी आवरलं नाही, तर तिघंही तिथे जा. तिला एकटीला पाठवून तुम्ही दोघं आरतीला थांबू नका.