क्रेमर कशाला काढता?

प्रश्न: ताई, मुलगा दहावीत आहे, ४७क्ष + ५३य = २४७ आणि ५३क्ष + ४७य = २५३ असलं गणित आलं की क्रेमरच्या पद्धतीने निश्चयक (आकड्यांची चौकट, तिरके गुणाकार करून वजा करायचे) मांडत बसतो नि गुणाकारात चुकतो, सोपं काही आहे का?

उत्तर: अहो आहे ना, सहगुणक, म्हणजे क्ष-यच्या आधीचे आकडे, नुसते जागा बदलून आलेत बघा, मग दोन्ही समीकरणांची सरळ बेरीज करायची, १००क्ष + १००य = ५००, म्हणजे क्ष + य = ५. आता दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की ६क्ष − ६य = ६, म्हणजे क्ष − य = १, हे दोन मिळवले की क्ष ३, य २, झालं. वजाबाकीत उजवीकडचं चिन्ह पण बदलायचं, पोरं नेमकं तेच विसरतात. प्रश्नातच क्रेमरची पद्धत मागितली असेल तर मात्र निश्चयक मांडावेच लागतील.