सामावाळा आणि शोधणारा न्यायाधीश

वकिलीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न : खटला चालवण्याच्या दोन पद्धतींची इंग्रजी नावं मराठीत कशी आणावीत, 'अ‍ॅडव्हर्सेरियल'ला 'विरोधी पद्धत' आणि 'इन्क्विझिटोरियल'ला 'चौकशी पद्धत' म्हणावं का?

मला दोन्ही पटत नाहीत. 'विरोधी पद्धत' म्हटलं की ती पद्धतच कशाच्या तरी विरोधात आहे असं वाटतं. 'चौकशी' शब्द सरकारी कचेऱ्यांनी वापरून झिजवलाय. 'साहेबांची चौकशी लागली' हे ऐकून न्यायाधीश कोणाला आठवतो?

लॅटिन 'अ‍ॅडव्हर्सस' म्हणजे आपल्याकडे तोंड करून उभा असलेला, समोरचा. आम्हा बडोदेकरांना त्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. इथल्या कोर्टाच्या गुजराती कागदांत समोरच्या पक्षाला 'सामावाळा' म्हणतात, आणि घरभाड्याचा दावा चालू असला की दांडिया बाजारातली मराठी मंडळीही 'सामावाळ्याने मुदत मागितली' म्हणून करवादतात. दोन सामावाळे आपापला पुरावा आणतात, एकमेकांचे साक्षीदार उलटतपासणीत सोलतात, न्यायाधीश ऐकून निकाल देतो. इंग्रजी वळणाची पद्धत ती हीच.

दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी 'शोध घेणे' आहे. फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्याचा तपास खास न्यायाधीशाच्या हाती असतो, आणि आरोपीला सोडवणारा पुरावाही त्यानेच धुंडाळायचा असतो. गोव्यात १५६० ते १८१२ छळ करणारं इन्क्विझिशन हे याच शब्दाचं भावंड, म्हणून नावाला वास येतो. पण त्या न्यायाधीशाचा त्यात काय दोष?

म्हणून मी 'वादप्रधान' आणि 'शोधप्रधान' म्हणतो. 'वाद' आपला जुनाच आहे. मराठेशाहीच्या निवाड्यांत दावा मांडणारा 'अग्रवादी' आणि उत्तर देणारा 'पश्चिमवादी'. दोघांच्या तकरिरी, म्हणजे आपापली बाजू सांगणारी निवेदनं, लिहून घेत. इथे पश्चिम ही दिशा नव्हे बरं, 'मागाहूनचा' एवढाच अर्थ.

'प्रधान' मात्र गाळू नका, कारण निर्भेळ पद्धत सापडणं कठीण. आपल्याच १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम १६५ न्यायाधीशाला साक्षीदारास हवा तो प्रश्न विचारू देत होतं. नव्या साक्ष अधिनियमात तेच कलम १६८ झालं. जर्मनीने १९७५ मध्ये तपास न्यायाधीश काढून टाकला, इटली १९८९ मध्ये वादाकडे वळली, तर आपल्याकडे फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या मलिमठ समितीने २००३ मध्ये शोधपद्धतीतलं थोडं उसनं घ्या म्हणून सुचवलं.

आणि 'प्रधान'च्या जागी 'वादी' लावायचा मोह झाला, तर 'शोधवादी' हा एखादा पंथ वाटेल. 'वादवादी'चं तर बोलायलाच नको.