‘ह्युरिस्टिक’ला ‘ठोकताळा’ म्हणावे

बेळगावात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, प्रकाशतंतूंच्या (ऑप्टिकल फायबरच्या) जाळ्यांवरील आपला प्रकल्प मराठीत मांडताना ‘ह्युरिस्टिक अल्गोरिदम’ला, म्हणजे सर्वोत्तम उत्तराची हमी न देता कामापुरते चांगले उत्तर चटकन काढून देणाऱ्या पायरीवार रीतीला, ‘अंदाजी रीत’ म्हटले तर चालेल काय. माझे मत ‘ठोकताळा’ या शब्दाला आहे.

‘अंदाज’ हा फारसीतून आलेला शब्द आपल्या भागात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या अंगवळणी पडलेला आहे. बाजारात कन्नड बोलणाराही ‘अंदाजु’च म्हणतो. परंतु अंदाज म्हणजे निघालेले उत्तर, आणि ठोकताळा म्हणजे ते उत्तर काढण्याचा अनुभवाने बसलेला नियम. खानापूरकडचा शेतकरी खळ्यावरची भाताची रास पाहून ‘वीस पोती भरतील’ म्हणतो, तो अंदाज. रास कमरेला लागली की इतकी पोती, हे जे त्याच्या मनात पक्के असते, तो ठोकताळा.

प्रकाशतंतूंच्या जाळ्यात हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. एका तंतूतून निरनिराळ्या तरंगलांबींचे प्रकाश एकाच वेळी धाडता येतात. मात्र एकाच तंतूवरून जाणाऱ्या दोन प्रकाशमार्गांना एकच तरंगलांबी देता येत नाही, आणि वाटेत ती बदलणारे उपकरण नसेल तर आरंभापासून अखेरपर्यंत तीच राखावी लागते. मार्ग 20 आणि तरंगलांबी 8 धरल्या, तरी वाटपाचे प्रकार 8 चा 20 वा घात, म्हणजे 19 अंकी संख्येइतके होतात. ते एकेक करून तपासणे अशक्य असल्यामुळे तरंगलांबींना क्रमांक देतात आणि मार्गावरच्या प्रत्येक तंतूत मोकळी असलेली सर्वांत कमी क्रमांकाची तरंगलांबी उचलतात. पुष्कळदा लांबचे मार्ग आधी घेतात, कारण अनेक तंतूंवर एकच तरंगलांबी मोकळी सापडणे कठीण असते. यात अदमासाने काहीच ठरत नाही, नियम ठाम आहे. फक्त कमीत कमी तरंगलांबींत काम भागेल, याची हमी तो देत नाही. ठोकताळ्याचे मर्म नेमके हेच आहे.

‘अन्वेषणात्मक’ हा पर्याय ‘शोधणे’ या मूळ ग्रीक अर्थाला (आर्किमिडीजचे ‘युरेका’ त्याच धातूचे) धरून असला, तरी वाचकाला त्यातून संशोधनाचा भास होतो.

तेव्हा ‘तरंगलांबींच्या वाटपासाठी पहिल्या मोकळ्या तरंगलांबीचा ठोकताळा वापरला’ असे खुशाल लिहावे, ‘अल्गोरिदम’ आहे तसाच ठेवावा, आणि ‘अंदाज’ हा शब्द जाळ्यावर उद्या किती भार येईल ते सांगण्यासाठी राखून ठेवावा.