आधी रचना, मग कोरणी

प्रिय चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

लाकडी ठशांवरून रंगीत चित्रं छापायची आणि पुढे शिकवायचंही, असा तुझा बेत कळला. मग आर्थर वेस्ली डाऊ या अमेरिकन मुद्राचित्रकाराचा नीट अभ्यास कर. जन्म १८५७, मॅसॅच्युसेट्समधलं इप्सविच गाव. १८८४ पासून काही वर्षं पॅरिसला शिक्षण. पण त्यांची दिशा बदलली ती १८९१ मध्ये, बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपानी चित्रकार होकुसाईची चित्रं पाहिल्यावर. तिथल्या ललित कला संग्रहालयात जपानी कलेचा विभाग सांभाळणारे अर्नेस्ट फेनोलोसा त्यांचे मार्गदर्शक झाले, आणि १८९५ मध्ये त्याच संग्रहालयात डाऊंच्या रंगीत छापांचं प्रदर्शन भरलं.

जपानी पद्धतीत चित्रकार वेगळा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. डाऊ ही तिन्ही कामं स्वतः करत. त्यामुळे शेकडो सारख्या प्रती काढायचं बंधन त्यांच्यावर नव्हतं. इप्सविचची दलदलीची कुरणं, नदीकाठची घरं असे साधे विषय. ठसे तेच, पण एका छापात दिवसाचा उजेड, दुसऱ्यात तिन्हीसांज. माझ्या मते त्यांच्याकडून घ्यावं ते हेच. दर आठवड्याला नवा विषय शोधू नकोस. ठशांचा एकच संच पुरता वापरून बघ.

सुरुवातीला कोरणी बाजूलाच ठेव. १० × १५ सेंमीचा चौकोन आखून चार-पाच रेषांत जमीन, पाणी, झाड, आकाश वाटून घे. मग काळ्या शाईने नुसते काळे-पांढरे भाग भर, छटा नकोत. गडद आणि उजळ भागांच्या या मांडणीला जपानीत नोटान म्हणतात. क्षितिज वर-खाली करून, चौकट अरुंद करून त्याच दृश्याचे आठ-दहा आराखडे कर. त्यानंतर मधली एकच करडी छटा वाढव. १८९९ च्या ‘कॉम्पोझिशन’ या पुस्तकात डाऊंनी रेषा, नोटान, रंग हाच क्रम ठेवला आहे. ही पायरी गाळली की चूक ठसा कोरल्यावर दिसते, आणि ती झाकायला आणखी एक ठसा, मग आणखी एक, असं होत जातं.

आता ठसा. जपानी कारागीर रानचेरीचं लाकूड वापरतात. शिकताना बासवुड या मऊ लाकडाचं प्लायवुड चालेल. पातळ कागदावरचं चित्र पालथं करून खळीने लाकडावर चिकटव. सुरी अशी कलती धर की तिचं टोक खाली जाताना रेषेपासून बाहेर जाईल, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो. टोक रेषेखाली आत गेलं तर रेषा खालून पोखरली जाते आणि छापताना तुटते. कागद बसवायच्या दोन खुणा त्याच लाकडात कोर: उजव्या हाताच्या कोपऱ्यात काटकोनी, डावीकडे त्याच कडेला सरळ. खोली कागदाच्या जाडीहून थोडी जास्त, जेमतेम १ मिमी. फार खोल गेली तर कागद कडेला वाकतो. मुख्य ठशाचे, म्हणजे रेषांच्या ठशाचे, छाप खुणांसकट पातळ कागदावर काढ आणि तेच रंगांच्या ठशांवर चिकटवून कोर. खुणा पट्टीने मोजून नव्याने आखशील तर रंग सरकलाच म्हणून समज.

छापायच्या आदल्या रात्री कोझोचा (जपानी तुतीच्या सालीचा) कागद एकाआड एक ओला करून गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेव. सकाळी तो सगळीकडे सारखा दमट लागला पाहिजे. पाणी चमकत असेल तर अजून थांब. ठशावर पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाच्या खळीचा छोटा ठिपका टाकून दोन्ही ब्रशने एकत्र पसर, कागद ठेव आणि बारेनने, म्हणजे हातात धरायच्या चपट्या गोल घासणीने, पाठ घास. पांढरे बारीक ठिपके राहिले तर खळ किंवा दाब कमी पडला, नाहीतर कागद वाळला. रंग कडांना साचला तर पाणी जास्त झालं. पहिले छाप जुळले आणि पुढचे सरकले, तर गठ्ठा उघडा राहून कागद आकसला आहे. मावळतीचं आकाश हवं असेल तर ठसा ओल्या फडक्याने पुसून ब्रशच्या एकाच टोकाला रंग घे. रंग आपोआप विरत जातो.

शिकवण्याबद्दल थोडंच लिहितो. डाऊ १८९५ पासून न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये आणि १९०४ पासून १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथल्याच कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात होते. चित्रकार जॉर्जिया ओ'कीफ आणि मॅक्स वेबर, छायाचित्रकार अल्विन लँगडन कोबर्न हे त्यांचे विद्यार्थी, आणि तिघांचं काम एकमेकांसारखं नाही, गुरूसारखंही नाही. ओ'कीफला तर ही पद्धत १९१२ मध्ये आधी अ‍ॅलन बेमेंट या दुसऱ्या शिक्षकाकडून मिळाली. डाऊंकडे ती नंतर गेली. आपल्याकडे चित्रकलेच्या तासाला नमुना समोर ठेवून हुबेहूब उतरवायची सवय फार घट्ट आहे. तू वर्गात सगळ्यांना एकच रेखाचित्र दे आणि प्रत्येकाला काळे-पांढरे भाग स्वतः ठरवू दे. मगच रंग काढ.

प्रत्येक छापाच्या मागे रंग, खळीचं प्रमाण आणि कागद पेन्सिलने लिहून ठेव. पुढच्या वेळी पाठव तेव्हा एकाच संचाचे निदान सहा छाप पाठव, फसलेले धरून.

तुझा हितचिंतक