पैसे कमी, त्यात लपवाछपवी

"वीस तारीख उलटली की घरात भांडण ठरलेलं. काय करू?" हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. त्यातल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवरा चाकणला कंत्राटी कामगार, हातात 23,000 रुपये. ती घरी ब्लाउज शिवते. लग्नसराईत पाच-सहा हजार सुटतात, पावसाळ्यात दीड हजारही मुश्किलीनं. भाडं 7,500. दोन मुलं. तो म्हणाला, "हिला कितीही द्या, कमीच." ती म्हणाली, "ओव्हरटाइमचे कुठे जातात, ते विचारा यांना."

दोघांशी वेगवेगळं बोलल्यावर उलगडा झाला. ओव्हरटाइमचे पैसे गावी वडिलांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना जात होते. बायको चिडेल म्हणून तो गप्प होता. तीही महिन्याला 1,000 रुपयांची भिशी गुपचूप भरत होती, अडीअडचणीला असावेत म्हणून. आणि थोरल्या मुलानं शाळेच्या सहलीची चिठ्ठी घरी दाखवलीच नव्हती. बारा वर्षांचं पोर "मला जायचंच नव्हतं" म्हणत होतं. मला सर्वात जास्त लागलं ते हेच. मुलं हिशेब ऐकत नाहीत, पण आवाज ऐकतात आणि मागणं सोडून देतात.

आपापली गोष्ट तुम्हीच एकमेकांना सांगा, एवढंच मी सुचवलं. माझ्यासमोर सांगितली. ती रडली, तो बराच वेळ खाली बघत बसला. मग कागद घेतला.

महिन्याचा खर्च त्यांना बऱ्यापैकी तोंडपाठ होता. घात करत होते वर्षातून एकदाच येणारे खर्च: जूनमधली फी आणि वह्या-पुस्तकं 12,000, दिवाळी 8,000, गावची जत्रा 4,000. हे 24,000 दरवर्षी येणारच, तरी दरवर्षी उसनवारी! महिन्याला 2,000 बाजूला पडले तर ती टळते. भिशीची पाळी संपल्यावर तेच 1,000 पोस्टातल्या आरडीत टाकायचं ठरलं. भिशी बुडाली तर दाद मागणं अवघड, पोस्टाचं पासबुक तरी हातात राहतं. वडिलांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागले, तिथे किमतीत बराच फरक पडला. दोघांनाही दोनशे-दोनशे रुपये बिनहिशेबी ठेवायला लावले. त्यावर तो आधी कुरकुरला, पण मी हटले नाही. चहाच्या दहा रुपयांचाही जाब द्यावा लागला की माणूस लपवायला शिकतो.

मुलासमोर काय बोलायचं, हेही ठरवलं. "परवडत नाही" एवढंच न सांगता "या महिन्यात नाही, जानेवारीत बघू" असं सांगायचं, आणि जानेवारीत खरंच बघायचं.

चार महिन्यांनी दोघं आले. दोन हजारांपैकी दीडच हजार बाजूला पडत होते, आणि जत्रेच्या खर्चावरून वाद अजून चालूच होता. पण त्या वादात आता दोघांसमोर एकच वही होती.