जादा लाइटला रिले लागतोच का? बटणावरून डायरेक्ट चालत नाही का?

तुम्ही विचारलंय, पिकअपला पुढे ५५ वॅटचे दोन जादा लाइट लावायचेत, ओळखीचा वायरमन म्हणतो रिलेचा खर्च कशाला, तर खरं काय. (रिले म्हणजे बटणाच्या बारीक करंटवर चालणारा स्विच. लाइटचा मोठा करंट त्यातून जातो, बटणातून नाही.) शिवाय अप्परवर आपोआप लागतील का, आणि पिवळे घ्यावेत की पांढरे.

तुमचा वायरमन आणि आमचे दाजी एकाच वर्गातले दिसतात.

२०२३ चा अधिक श्रावण. दाजी धोंड्याच्या जेवणाला आले ते माझ्या पिकअपसाठी दोन लाइट घेऊनच. दाजी घरांचं फिटिंग करतात, हात साफ आहे, ते नाकारत नाही. जेवण झाल्यावर शर्ट काढून बसले. बॅटरीच्या प्लसवरून एक वायर थेट आत आणली, स्टेअरिंगखाली घरातलं सहा अँपिअरचं पांढरं बटण ठोकलं, तिथून वायर परत पुढे लाइटला. फ्यूज नाही. मी म्हणालो, "दाजी, रिले टाकू की. बीडवरून घेऊन येतो."

"अरे, याच बटणावर घरात शंभरचा बल्ब वर्षानुवर्षं जळतो. तुझे दोन मिळून एकशे दहा. वरच्या दहा वॅटनं काय होतंय?"

आई आतून ओरडली, "जावयाला शिकवायलास का?" झालं, विषय मिटला.

आता त्या दिवशी जे बोलता आलं नाही ते इथं बोलतो. घरात २३० व्होल्ट असतात, म्हणून ११० वॅटला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. गाडीत १२ व्होल्ट. तिथं तेच ११० वॅट नऊ अँपिअरच्या वर जातात. वॅट तेवढेच, पण बटणातून जाणारा करंट एकोणीस पट. बटण काय वॅट मोजत बसत नाही.

पंधरा-वीस दिवस काही झालं नाही. त्या साली पावसानं ओढ दिलेली, पण विहिरीला थोडं पाणी होतं म्हणून कोथिंबीर साधली होती. रात्री तीनला नेकनूरकडून माल भरून बीडला निघालो. मांजरसुंब्याचा घाट उतरताना केबिनमध्ये प्लास्टिक जळाल्याचा वास. बटण दाबलं तर ते आत गेलं आणि तिथंच बसलं, लाइट काही बंद होईनात. गाडी कडेला घेतली तोवर बटण मेणासारखं ओघळून प्लसची वायर डॅशच्या पत्र्याला टेकली होती. मध्ये फ्यूज नाही म्हटल्यावर बॅटरी मागं कशाला सरते? वायर बॉनेटपर्यंत धूर सोडायला लागली. दहा नंबरचा पाना दाराच्या खणात होता म्हणून वाचलो. दस्ती गुंडाळून मायनसचं टर्मिनल काढलं. सकाळी दुसऱ्याच्या टेम्पोत माल टाकून मार्केटला पोचलो तेव्हा लिलाव उरकला होता.

दाजींचं म्हणणं आजही तेच आहे: "वायर हलकी होती, आणि ती तूच आणून दिलीस."

वायर मीच आणली होती, कबूल. पण जाड वायर असती तरी बटण सहाचंच होतं ना?

तर रिले घ्या. चार पिनांचा, १२ व्होल्टचा. बॅटरीच्या प्लसवरून अडीच एमएमची वायर, प्लसपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला. ८७ वरून दोन्ही लाइटला. ८५ आणि दोन्ही लाइटची मायनस बॉडीला, पण रंग खरवडून. लाइटची अर्थ रंगावर आवळली म्हणजे अर्धा उजेड. ८६ ला बटणाची वायर, ती बारीक चालते, कारण रिलेतल्या कॉइलला अँपिअरचा पाचवा हिस्साही लागत नाही. आपोआप पाहिजे असेल तर बटणाला करंट अप्परच्या वायरवरून द्या. मग डिप्परला टाकलं की दोन्ही विझतात. रिले पिना खाली करून बसवा, पाणी साचत नाही. पाच पिनांचा मिळाला तर ८७ए मोकळी सोडा. तिला लाइट जोडला तर बटण बंद असताना लागेल.

हे सगळं ५५ वॅटच्या साध्या बल्बला. वीस-वीस वॅटचे एलईडी असतील तर दोन्ही मिळून साडेतीन अँपिअरच्या आत, गाडीसाठीच्या चांगल्या बटणावर निघून जातात. फ्यूज मात्र तिथंही पाहिजे. गाडी नवीन असेल तर कंपनीची वायर सोलण्याआधी वॉरंटीचं विचारून घ्या. आणि समोरून गाडी आली की बंद करा. लोक शिव्या देतात ते वेगळं, पावतीही फाटते.

पिवळे की पांढरे ते मला विचारू नका. माझे पांढरे आहेत, दाजींनी आणलेलेच. त्या रात्री त्यांना काहीसुद्धा झालं नव्हतं, अजून चालू आहेत.