काल्पनिक देशाचा प्रमुख म्हणून परदेशी लोकांच्या प्रश्नांना कशी उत्तरं द्यावीत?

तुम्ही लिहिलंय की झेंडा तयार आहे, राष्ट्रगीत तयार आहे, नाण्यावरचं चित्रही ठरलंय, आणि आता इतर काल्पनिक देशांची मंडळी तुमच्या सरकारबद्दल, संस्कृतीबद्दल विचारायला लागली की राष्ट्रप्रमुख या नात्याने कसं बोलावं हे सुचत नाहीये. बोलण्याचं नंतर बघू. आधी हे सांगा, देशाच्या इंटरनेटवरच्या खात्याचा पासवर्ड किती जणांकडे आहे? एकट्या तुमच्याकडे असेल तर उत्तरं कितीही झोकात दिलीत तरी तो देश नाही, तुमची खासगी वही आहे.

हे मी मनापासून सांगतेय. कॉलेजात असताना मी आणि माझ्या आतेभावाने असा देश चालवलाय, कराडच्या स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून. रत्नागिरीपासून सरळ पश्चिमेला, नकाशात जिथे नुसता निळा रंग असतो, तिथे आमचं बेट होतं. दादा राजा, मी प्रधान. तो वयाने मोठा आणि कॅफेचे पैसे तोच भरायचा, म्हणून मुकुट त्याच्याकडे गेला. माझं इंग्रजी बरं, म्हणून परदेशांशी पत्रव्यवहार माझ्याकडे आला. पोलंड, ब्राझील, फिलिपिन्स, कुठकुठचे लोक आमचे नागरिक झाले होते. रिवाज असा होता की दुसऱ्या देशाचा प्रमुख भेटीला आला की त्याने वाटेल ते विचारायचं आणि यजमानांनी लेखी उत्तर द्यायचं.

दादाची अपेक्षा होती की लोक आरमाराबद्दल विचारतील, राजघराण्याचा इतिहास विचारतील. तो त्याने आधीच लिहून ठेवला होता, चौदा पिढ्यांचा. एकानेही विचारला नाही. नेदरलँड्सच्या एका माणसाने विचारलं, "तुमचं बेट सखल आहे असं नकाशावरून दिसतं. मग समुद्राचा बांध फुटला की दुरुस्त कोण करतं, आणि त्याचा खर्च कोणावर किती पडतो हे कोण ठरवतं?" दादा वैतागला. मला मात्र त्या प्रश्नाने झपाटलं. त्या लोकांच्या देशात पाण्याची व्यवस्था बघणाऱ्या निवडून आलेल्या संस्था तेराव्या शतकापासून आहेत. राजे येऊन गेले, त्या राहिल्या. त्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे बांधाची वर्गणी, त्यामुळे त्याने बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं.

उत्तर मला आईच्या माहेरी सापडलं. आईचं माहेर गोव्यात, मांडवीच्या काठी. तिथली खाजन शेती म्हणजे खाडीकडून बांध घालून मिळवलेली जमीन. बांधात मानस असते, लाकडी दारांची. भरती आली की पाण्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, ओहोटी लागली की उघडतात आणि शेतातलं पाणी खाडीत जातं. मानशीवर मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. पूर्वी हे सगळं गावकारी बघायची, म्हणजे पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची गावाची सामाईक मालकीची संस्था. पुढे 1964 च्या कूळकायद्यानंतर व्यवस्था बदलली आणि बांधांकडे दुर्लक्ष झाल्याच्या तक्रारी सुरू झाल्या, त्या मामाच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलेय. मी ते सगळं आमच्या बेटावर नेलं. मानशीचा लिलाव कधी, पैसे कोणत्या पेटीत, बांधावर पहारा कोणाचा, फुटला तर पहिली कुदळ कोणी मारायची, आणि ज्याचं शेत बांधापासून लांब आहे त्याने वर्गणी कमी द्यायची का. त्या वर्गणीवरून आमच्या खऱ्याखुऱ्या नागरिकांची आठवडाभर वादावादी झाली. डच माणसाने नंतर कळवलं की इतक्या देशांना हे विचारलं, पण पैशाचं उत्तर फक्त तुमच्याकडून आलं. मला आजही त्याचा अभिमान आहे. तुमच्या संस्कृतीच्या प्रश्नाचं उत्तरही खरं तर यातच आहे, पण त्याकडे नंतर येते.

मग उरुग्वेच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, "तुमच्या राजाने उद्या ताळतंत्र सोडलं तर त्याला कोण थांबवणार आणि कोणत्या कागदाच्या आधाराने?"

दादाने मला न विचारता परस्पर उत्तर टाकलं, "आमच्याकडे असं होत नाही. राजा प्रजेचा बाप आहे." मी म्हटलं, हे उत्तर नाही. आमचं तिथेच कॅफेत वाजलं, मालकाने आवाज कमी करा म्हणून सांगितलं. शेवटी मी कलम लिहिलं. दोनतृतीयांश नागरिकांनी मागणी केली तर राजाचे अधिकार स्थगित, कारभार प्रधान आणि दोन निवडलेले नागरिक बघतील, तीन महिन्यांत नवी निवड, आणि त्या निवडीला प्रधान उभा राहू शकणार नाही. शेवटची अट मी मुद्दाम घातली. नाहीतर प्रधानच राजाला काढण्याच्या खटपटीत राहील. दादाने हसत हसत सही केली, त्याला वाटलं शोभेचं आहे.

काही महिन्यांनी फिलिपिन्सच्या एका मुलीने तिजोरीचा हिशेब मागितला. करवसुलीचे सगळे तक्ते तिनेच जागून बनवले होते, तिचा तो हक्कच होता. दादाने तिला हद्दपार केलं. नागरिकांनी ते कलम पुढे केलं, मत घेतलं, ठराव पास. आणि त्याच रात्री दादाने पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी आमच्या पानावर फक्त त्याचा झेंडा होता. सगळा पत्रव्यवहार त्या एका खात्यात होता, तोही गेला. बांधाचं उत्तर, उरुग्वेच्या सरांचं शेवटचं लांबलचक पत्र, मुलीचे तक्ते, सगळंच.

त्याचं म्हणणं आजही तेच आहे, आणि दर लग्नकार्यात कोणीतरी विषय काढतंच. "चांगला चाललेला खेळ हिने कागदपत्रं करून मोडला. राजा चांगला असला की पुरे असतं, घटनेचं लोढणं कशाला?" बाकीचे माना डोलावतात, कारण पंगतीत तेच बोलणं सोपं असतं. तर मी इथे सविस्तर सांगते, पंगतीत कोणी पुरं बोलू देत नाही.

दादाचं आजोळ म्हणजे माझं घर, आटपाडी. आटपाडी औंध संस्थानात होती. औंध म्हणजे 72 गावांचं, तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, चित्रकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक, किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान देणारे, वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकरांना आपल्या राजधानीत आश्रय देणारे. राजा चांगला असण्याबद्दलच बोलायचं तर यांच्याहून चांगला राजा दादाने दाखवावा. आणि त्याच राजाने 1938 साली जाहीर केलं की सत्ता लोकांकडे देणार. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडहून आलेले इंजिनियर गांधीजींकडे गेले, त्यांच्या सल्ल्याने घटना तयार झाली आणि जानेवारी 1939 मध्ये लागू झाली. गावच्या पंचायतीपासून वर तालुक्याची, मग संस्थानाची सभा. राजाच्या खासगी खर्चावरसुद्धा मर्यादा आली. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, जिथे कैद्यांना बेड्यांशिवाय शेती करायला ठेवलं, तेही त्याच वर्षीचं. संस्थान 1948 मध्ये विलीन झालं, आणि आप्पासाहेब पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी गेले, तिथल्या लोकांच्या खऱ्या प्रश्नांना उत्तरं देत.

भवानरावांना कोणी भाग पाडलं नव्हतं, असं दादा म्हणतो, म्हणजे ते चांगले होते म्हणूनच झालं. अहो, तेच तर मी म्हणतेय! आपण चांगले असल्याचं त्यांनी भाषणात सांगितलं नाही, अधिकार स्वतःच्या हाताने सोडले. आमच्या राजाला एक पासवर्ड सोडवला नाही.

राजाला काढायचा कागद नसला की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यापासून आत समुद्रात दुसऱ्या महायुद्धातला एक किल्ला आहे. रॉय बेट्स या माजी सैनिकाने 1967 मध्ये त्यावर सीलँड नावाचं राज्य जाहीर केलं. 1978 मध्ये, बेट्स बाहेर असताना, स्वतःला सीलँडचा पंतप्रधान म्हणवणाऱ्या आखेनबाख नावाच्या जर्मन माणसाने भाडोत्री लोक पाठवून किल्ला घेतला आणि बेट्सच्या मुलाला ओलीस धरलं. बेट्सने हेलिकॉप्टर घेऊन तो परत जिंकला, एकाला कैद केलं, आणि त्याच्या सुटकेसाठी जर्मनीचा राजनैतिक अधिकारी त्या खांबांवरच्या किल्ल्यावर आला. लोक ही गोष्ट मजेची म्हणून सांगतात. मला त्यात उरुग्वेच्या सरांचा प्रश्न दिसतो. राजाला काढायची रीत लिहिलेली नसली की काढायला माणसं हत्यारं घेऊन येतात.

ऑस्ट्रेलियातल्या हट रिव्हरची गत वेगळी. लिओनार्ड कॅस्ली हा शेतकरी गव्हाच्या कोट्यावरून सरकारशी भांडला, 1970 मध्ये त्याने आपलं शेत स्वतंत्र राज्य म्हणून जाहीर केलं, पर्यटकांच्या पासपोर्टावर शिक्के मारले, 2017 मध्ये मुलाला गादी दिली. 2020 मध्ये कर खात्याच्या थकबाकीपायी राज्य गुंडाळून जमीन विकायची वेळ आली. तेव्हा तिजोरीचा हिशेब मागणाऱ्या नागरिकाला हद्दपार करू नका, एवढं तरी कराच.

आता संस्कृती. "आमचे लोक प्रेमळ आणि उत्सवप्रिय आहेत" हे लिहू नका, जगातला प्रत्येक काल्पनिक देश हेच लिहितो आणि वाचणारा पुढच्या ओळीवर जातो. कोणा एकाचा कामाचा दिवस लिहा. पहाटे मानस उघडायला जाणारी बाई कोण, तिला त्याचं काय मिळतं, ती आजारी पडली तर कोण जातं, तिच्या घरी मेलेल्या माणसाला जाळतात की पुरतात, तिची मुलगी बोटीची मालकीण होऊ शकते का. सणाचं सांगायचं असेल तर सणाचा खर्च कोण करतो ते सांगा. भाषेचं सांगायचं तर कोर्टात कोणती चालते ते सांगा. माहीत नसलेला प्रश्न आला तर "मंत्रिमंडळाशी बोलून कळवतो" म्हणा आणि खरंच नागरिकांना विचारा. सगळी उत्तरं एकट्याने दिलीत तर तुमचे नागरिक प्रेक्षक होतात आणि प्रेक्षक दोन महिन्यांत कंटाळतात.

थोडं राहिलं ते. तुमचा देश म्हणजे तुम्ही, बायको आणि मुलं एवढंच असेल तर वरचं माझं घटनापुराण सोडून द्या. अमेरिकेत नेवाडामध्ये केव्हिन बॉ नावाचे गृहस्थ आपल्या घराच्या जागेत मोलोसिया चालवतात, लष्करी गणवेशात पाहुण्यांना देश दाखवतात, चलनाची किंमत त्यांनी बिस्किटांच्या पिठाशी बांधलीय, आणि उत्तम चाललंय. जमीन त्यांची, घर त्यांचं, तिथे भांडायला कोण येणार? परके लोक नागरिक म्हणून घेतलेत की मात्र त्यांच्या श्रमांचे तुम्ही देणेकरी होता. आणि दादाबद्दल एवढं लिहिलं तरी तो वाईट माणूस नाही. माझ्या आईच्या आजारपणात रात्री तोच बसायचा. पण पासवर्डचं मी सोडणार नाही.

तुम्ही भारतात आहात असं धरून आणखी एक. मी वकील नाही, तरी हे ऐका. पासपोर्ट छापू नका, गाडीवर राजदूताची पाटी लावू नका, कोणाकडून पैसे घेऊन पदं वाटू नका. 2025 मध्ये गाझियाबादला भाड्याच्या बंगल्यात वेस्टार्क्टिका वगैरे देशांचे दूतावास थाटणाऱ्याला पोलिसांनी अटक केली. वेस्टार्क्टिका हाही आपल्यासारखाच एक काल्पनिक देश, 2001 मध्ये एका अमेरिकन माणसाने काढलेला. नाण्याचं चित्र चांगलं जमलं असेल तर जाड कागदावर छापून नागरिकांना पाठवा. त्यावर रुपया हा शब्द नको, आणि सिंहांची राजमुद्रा तर अजिबात नको.